भंडारदऱ्याच्या गेटवर आमची पिशवी

आमच्याकडे कुठंही निघायचं म्हटलं की आधी पिशवी निघते, माणूस तिच्या मागून. लग्नाला निघा, दवाखान्यात निघा, नाहीतर नुसतं नगरला कापड आणायला निघा. दशम्यांचा डबा, पाण्याचा तांब्या, एक जुनं पातळ आणि छत्री भरून झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असा आमच्या नणंदबाईंचा दंडक आहे. त्यांना घरीदारी सगळे आक्का म्हणतात. मे महिन्यात आम्ही तिघं, म्हणजे आक्का, आमचे हे आणि मी, भंडारदऱ्याला गाण्याच्या कार्यक्रमाला गेलो. ती हकीकत सांगायची तर पिशवीपासूनच सुरुवात करावी लागेल.

मी श्रीगोंद्याजवळच्या गावात बायकांचे कपडे शिवते. ह्यांची शेती, थोडा ऊस आणि थोडी लिंबं. लिहिणं हे काही माझं काम नव्हे. पण परत आल्यापासून दुकानात येणारी प्रत्येक बाई "काय काय बघितलं?" म्हणून विचारते, आणि मशीन थांबवून सांगता सांगता कामं तुंबतात. म्हणून एकदाच लिहून काढलं आहे. ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी हे वाचावं आणि आपापले ब्लाउज वेळेवर घेऊन जावेत.

गाण्यासाठी एवढ्या लांब जाणारी माणसं आम्ही नव्हे. आम्ही गेलो ते आमच्या लेकीसाठी, शीतलसाठी. शीतलनं पोलीस भरतीसाठी जिवाचं रान केलं होतं. पहाटे डांबरी रस्त्यावर पळायची, गोळा फेकायची, आणि दोन वेळा थोडक्यात हुकली. मग पुण्याच्या एका कंपनीत लागली. मोठमोठ्या कार्यक्रमांना बंदोबस्ताची माणसं पुरवणारी कंपनी. गावानं त्याचा अर्थ एका शब्दात लावला: पोरगी वॉचमन झाली. माझ्या तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण माप द्यायला आलेल्या बायका एकमेकींशी काय बोलतात ते मशीनच्या आवाजातही ऐकू येतं.

सगळ्यात जास्त लागलं ते आक्कांना. त्यांना मूल नाही. नवरा गेल्यावर त्या माहेरी आल्या आणि मी मशीनवर बसले की शीतल त्यांच्या कडेवर असायची. बारशाला तिच्या कानात नाव सांगितलं ते त्यांनी, आणि पोरगी फौजदार होणार हे गावभर सांगितलं तेही त्यांनीच. भरती हुकल्यापासून कुणी विचारलं की त्या "पुन्याला कंपनीत हाय" एवढं म्हणायच्या आणि लिंबाच्या भावाकडे वळायच्या.

तर ह्या कार्यक्रमात शीतलला पहिल्यांदाच अख्खं गेट मिळालं होतं. बायकांच्या बाजूचं, पण अख्खं. नीट पार पडलं तर ती कायमची इन्चार्ज होणार होती, आणि काही गडबड झाली तर पुन्हा रांगेत उभी राहून लोकांच्या पिशव्या चाचपणार होती. तिनं आम्हाला पास पाठवले, आणि सोबत मोबाईलवर नियमही पाठवले. ह्यांनी ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचले. बाहेरचं खाणं आणायचं नाही. पाण्याची बाटली नाही, छत्री नाही, बॅटरी नाही, काडेपेटी नाही, नारळ नाही, धारदार वस्तू नाही, अंथरूण-पांघरूण नाही, मोठी पिशवी नाही.

"मंग काय, हात हालवीत जायाचं?" आक्का दशम्यांचं पीठ दुधात मळत म्हणाल्या. "मयताला बी कुनी आसं जात न्हाई."

"आक्का, पोरीनंच पाठवलंय हे," हे म्हणाले.

"आरं, ते पब्लिकसाठी. आपन घरचे. गेटवर आपलीच पोर हाय का न्हाई?"

ह्यावर ह्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि मीही मान हलवली. आपलं माणूस दारात असलं की दार आपलं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तहसीलमध्ये, कारखान्यावर, दवाखान्यात आम्ही आधी ओळखीचं कोण आहे ते बघतो, मग खिडकी बघतो. तेव्हा पिशवी भरली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे, तांब्या, छत्री, बसायला घोंगडं. ह्यांनी उसाला पाणी देताना वापरायची लांबडी बॅटरी टाकली, कारण रानात विंचूकाट्याचं भय. आक्कांनी नारळ टाकला, कारण एवढ्या पाण्यापाशी जाऊन नारळ न वाहता परत यायचं म्हणजे काय. आणि त्यांच्या कमरेला नेहमीप्रमाणे चंची होती, तिच्यात पान, सुपारी, चुन्याची डबी आणि त्यांच्या आईचा पितळी अडकित्ता.

राजूरच्या पुढे

नगर, राहुरी, संगमनेर, अकोले हा एसटीचा प्रवास मी सांगत बसत नाही. धूळ सगळीकडे सारखीच. एवढंच सांगते, की राहुरीच्या अलीकडे शेजारच्या बाईनं आक्कांना भाची काय करते म्हणून विचारलं, आणि आक्कांनी कंपनी, लिंबं असं ठरलेलं उत्तर दिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला राग आला होता, आणि तो नेमका कुणाचा ते कळत नव्हतं.

पण राजूर मागे पडलं आणि बसमध्ये वारा शिरला. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी बाहेर बघवत नाही, सगळं रान भाजून निघालेलं असतं. इथं डोंगर अंगावर येतात, करवंदाच्या जाळ्या रस्त्यापर्यंत उतरतात, आणि वळणावर पोरीबाळी पानाच्या द्रोणात करवंदं विकत उभ्या असतात. मी दोन द्रोण घेतले आणि माझी बोटं, ओठ आणि पदराचं टोक जांभळं झालं. डाग काही अजून निघालेला नाही.

बसमधून उतरून धरण दिसलं तसे हे सरळ काठाशी गेले. पाणी उतरलेलं होतं, काठाला लाल मातीच्या पायऱ्या पडल्या होत्या, तरी पाणी म्हणजे पाणीच. हे भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "हितनं सुटतं आन् तिकडं राहुरी-श्रीरामपूरचे मळे भिजत्यात. आपल्याला कुकडीच्या कालव्याच्या आवर्तनाची वाट बघत बसावं लागतंय." बाकी लोक तिथं फोटो काढत होते. आमच्या माणसाला पाणी दिसलं की आधी ऊस दिसतो.

शेंडीत, चंद्राबाईंकडे

शीतलनं आमची सोय शेंडी गावात चंद्राबाईंच्या घरी केली होती. पडवी सारवलेली, दारात आंबा. आल्या आल्या त्यांनी गूळ-पाणी दिलं नाही, बिनदुधाचा चहा दिला. आक्कांनी तो पाहुण्यासारखा निमूट प्यायला, पण माझ्याकडे एक कटाक्ष टाकलाच. जेवायला तांदळाची भाकरी होती. आक्कांनी ती उलटसुलट करून पाहिली, "पांढरीफटक हाय की," म्हणाल्या, आणि मग हुलग्याच्या पिठल्याबरोबर मागून मागून खाल्ली. आम्ही बाजरीची माणसं. भाकरी थापताना चंद्राबाईंच्या हाताचा आवाजच होत नव्हता, ते मी टक लावून बघत बसले.

बोलता बोलता कार्यक्रमाचा विषय निघाला. चंद्राबाई म्हणाल्या, "मागल्या साली कुनीतरी असाच केला हुता. बाटल्या, पिशव्या, समदं पान्यात. आमी बायका कितीक दिस येचत हुतो. आन् बॅटऱ्या मारून मारून काजवं घालवलं. ह्या टायमाला नेम केलाय ते बरं झालं. पन लोकं ऐकत न्हाईत. वळख काढत्यात आन् घुसत्यात."

"लोकांना काय, लाजच न्हाई," आक्का म्हणाल्या, आणि घोंगडं नीट घडी घालून पिशवीत खाली दाबलं.

गेटवर

ऊन कलल्यावर आम्ही मैदानाकडे निघालो. पाण्याच्या काठाला मंडप, पाठीमागे डोंगर, आणि बांबूंच्या दोन रांगा, एक बायकांची, एक पुरुषांची. बायकांच्या रांगेपुढे टेबल होतं आणि टेबलामागे निळ्या शर्टातल्या पोरी. त्यांच्यात एक उंच, केस घट्ट बांधलेली, हातात वायरलेस, ती आमची शीतल. आधी माझं लक्ष गेलं ते शर्टाच्या खांद्याकडे. शिवण दोन बोटं खाली उतरली होती. तयार मापाचे कपडे असेच असतात. मग मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शिवण विसरले, कारण ती रांगेतल्या सगळ्यांकडे जशी बघत होती तशीच आमच्याकडेही बघत होती.

टेबलावरच्या पोरीनं पिशवी उघडली. घोंगडं निघालं, छत्री निघाली, तांब्या, डबा, कांदे, बॅटरी. नारळ निघाला तेव्हा मागच्या कॉलेजच्या पोरी हसायला लागल्या. हे पुरुषांच्या रांगेतून मान काढून बघत होते.

"मॅडम, हे सगळंच आहे," ती पोरगी शीतलला म्हणाली.

"अगं, ती तुजी मॅडम आसंल, मी तिची आत्या हाय," आक्का कौतुकानं म्हणाल्या. "भर ते परत पिशवीत."

शीतल पुढे आली. "सामान बाजूच्या तंबूत ठेवा, चिठ्ठी द्या," ती म्हणाली. आम्हाला नव्हे, त्या पोरीला. मग आक्कांकडे वळली. "आत्या, चंची दाखव."

आक्कांचा चेहरा पडला. तरी चंची काढली. शीतलनं अडकित्ता बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. "हा आत नेता येणार नाही. सुपारी इथं बसून कातर, खा, मग आत ये. जाताना अडकित्ता परत मिळेल."

"ह्यो माज्या आईचा हाय."

"माहितीय मला."

"ह्या कानात," आक्कांनी हात वर करून शीतलच्या कानाकडे बोट दाखवलं, "नाव मी सांगितलं तुज्या. आन् आता तू मला सांगती, आत काय न्यायचं?"

मी शीतलची आई. मला वाटलं, आपण मधे पडावं, पोरीला म्हणावं, राहू दे, एवढासा अडकित्ता. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात शीतल खाली वाकली आणि इतका वेळ पुण्याचं बोलत होती ती आमच्या बोलीत हळू आवाजात म्हणाली, "आत्या, तुला सोडलं तर मला मागच्या येकीला बी अडवता येनार न्हाई."

आक्कांनी अडकित्ता उचलला, चंचीत टाकला, चंची कमरेला खोचली. "मंग तुमी जावा. मी हितंच बसते," म्हणाल्या आणि रांगेच्या बाहेर जाऊन एका दगडावर टेकल्या. आमच्याकडे आत्या रुसली की लग्नातली वरात थांबते. मी त्यांच्याशेजारी बसले. हेही पुरुषांच्या रांगेतून बाहेर पडून आले आणि काय करावं न सुचून रुमालानं मान पुसत उभे राहिले. शीतलनं एकदाच आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुढच्या या." तिचा आवाज हलला नाही.

आत बासरी सुरू झाली. आम्ही तिघं बाहेर दगडावर. आक्का पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या. हे म्हणाले, "आक्का, चल की." आक्कांनी पदर आवळून घेतला.

मग एक पांढरी गाडी धुरळा उडवत थेट बांबूंपर्यंत आली. तिच्यातून एक पुढारी वाटावा असा माणूस उतरला, कडक इस्त्रीचा, बरोबर दोनतीन बायका आणि चारपाच पोरं. पोरांच्या हातात बर्फाची पेटी, घडीच्या खुर्च्या, खाण्याच्या पिशव्या. पुरुषांच्या रांगेत गर्दी होती म्हणून सगळे सरळ शीतलच्या टेबलाकडे आले.

"पेटी आणि खुर्च्या इथंच राहतील," शीतल म्हणाली.

"वळखलं न्हाई का सायबांना?" एक पोरगा म्हणाला.

"पास दाखवा, बसायला पुढं जागा आहे. सामान आत जाणार नाही."

"वॉचमनकी कराया आलीस ना, मंग गुमान कर," दुसरा म्हणाला. साहेब मोबाईल काढून कुणाचा तरी नंबर शोधत होते, तेही कंटाळल्यासारखे, भांडायला आलेले वाटत नव्हते. पहिला पोरगा रांगेकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "सवताच्या घरच्यांना केव्हाच सोडलं आसंल हिनं. नेम आपल्यालाच."

मी उठायच्या आत आक्का उठल्या. पातळ झटकलं, पदर खांद्यावरून घेतला आणि तरातरा टेबलापाशी गेल्या. कमरेची चंची काढली, अडकित्ता बाहेर काढला आणि टेबलावर साहेबांच्या समोर ठेवला. पितळेचा आवाज झाला तसे साहेब मोबाईलमधून वर बघायला लागले.

"मी हिची आत्या हाय," आक्का म्हणाल्या. "सख्खी. माजं घोंगडं ठिवलं हिनं, दशम्या ठिवल्या, देवाचा नारळ ठिवला. आन् ह्यो माज्या आईचा अडकित्ता, ह्यो बी हितंच ऱ्हानार हाय. आता तुमचं ठिवा."

रांगेतल्या बायका माना वर करून बघायला लागल्या. साहेबांनी अडकित्त्याकडे पाहिलं, आक्कांकडे पाहिलं, शीतलकडे पाहिलं. मग मोबाईल खिशात टाकला. "सख्ख्या आत्याला सोडलं नाही, तिथं आपली काय कथा," ते म्हणाले आणि हसले, आणि पोरांना पेटी खाली ठेवायला सांगितली. माणूस वाईट नव्हता. त्यालाही आमच्यासारखंच वाटलं होतं, की दार आपलं आहे.

शीतलनं चिठ्ठी फाडून आक्कांच्या हातात दिली. चेहरा तोच. "पुढं चला," ती म्हणाली, जशी सगळ्यांना म्हणत होती तशीच.

मला माझ्या पोरीचा एवढा अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता. दहावीला पहिला वर्ग मिळाला तेव्हाही नाही. त्या वर्दीत तिला फौजदार करायला फक्त सरकारचा शिक्का कमी होता, आणि तो नसला तरी चालतो, हे मला त्या बांबूंच्या रांगेत कळलं.

पाण्याकाठी

आत सतरंज्या अंथरल्या होत्या. माठात पाणी होतं, शेजारी पेले. चंद्राबाई आणि गावातल्या बायकांनी थालीपिठं लावली होती. दशम्यांवाचून कुणी उपाशी राहिलं नाही, हे आक्कांनी मान्य केलं नसलं तरी दुसरं थालीपीठ मागितलं.

खाली बसल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. मग ध्यानात आलं, मांडीवर पिशवी नव्हती. आम्ही बायका कुठंही बसलो की एक डोळा समोर आणि एक हात पिशवीवर. त्या संध्याकाळी दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते कळेना. आक्कांनाही कळेना; पहिल्या गाण्याला त्या हात पदराखाली घेऊन बसल्या, दुसऱ्याला गुडघ्यावर ताल धरला, आणि तिसऱ्याला चक्क टाळ्या वाजवल्या.

गाणं कसं होतं ते मला सांगता यायचं नाही, मी त्यातली नाही. पण दिवस मावळला, मंचावरचे दिवे मंद केले आणि पाण्याच्या पलीकडचं एक झाड हळूहळू उजळायला लागलं. मग दुसरं. काजवे. गाणाऱ्या बाईंनीही गाणं थांबवलं. एवढी माणसं बसली होती, पण कुणाजवळ बॅटरी नव्हती, कुणी उजेड मारला नाही, आणि झाडं एकदम विझायची, एकदम लागायची. हे माझ्या कानाशी म्हणाले, "माजी बॅटरी आसती तर मी नक्की मारली आसती." मी म्हटलं, माहीत आहे मला.

परतताना

सकाळी शीतलला सुट्टी झाली. पाण्याकाठी बसून आम्ही चौघांनी त्याच दशम्या खाल्ल्या. नारळही वाहिला. शीतल रात्रीपासून उपाशी होती आणि तिसरी दशमी चटणीत बुडवताना म्हणाली, "आई, माजे पाय कापत हुते गं." आक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग परत मिळालेला अडकित्ता काढून सुपारी कातरली. मी चंद्राबाईंकडून मागून आणलेल्या सुईदोऱ्यानं तिच्या शर्टाच्या खांद्याला चार टाके घातले, तेवढंच माझ्या हातात होतं. तिला पुण्याची गाडी होती, आम्हाला संगमनेरची.

पुढची एसटी बदलायला संगमनेरला उतरलो. ऊन मी म्हणत होतं. स्टँडसमोरच्या रसवंतीत बाकावर बसलो, घुंगरांचा आवाज आणि आल्याचा वास. शेजारी एक बाई नातवंडाला रस पाजत होती. कुठून आलात, कुठं निघालात झालं. भंडारदऱ्याला गाण्याचा कार्यक्रम होता म्हटल्यावर तिनं विचारलं, "कसा झाला मग?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आक्का आधी बोलल्या.

"गानं बरं हुतं," त्या म्हणाल्या. "पन गानं काय, कुटं बी आयकाया मिळतं. माजी भाची तितं गेटवर हुती. अख्खं गेट तिच्या हातात. तिनं मला अडवलं."

त्या बाईला कळेना हे कौतुक आहे की गाऱ्हाणं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आक्कांकडे. "तुमाला? सख्ख्या आत्याला?"

"व्हय," आक्का म्हणाल्या, आणि रसवंतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढा आवाज चढवला. "समद्यांदेखत."